आत्याच्या नावाचा कॉम्प्युटर

“लाइट गेल्यावर जे चालतं तेवढंच आपलं; बाकीचं समदं पावण्याचं,” असं रजनी एकदा बोलली होती.

बोलली होती ती पुण्याहून कॉम्प्युटर विकायला आलेल्या एका टायवाल्या माणसाला. तो तिच्या टायपिंगच्या वर्गात बसून येणाऱ्या काळाबद्दल बोलत होता आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद होता. त्याला वाटलं, बाई गमतीनं बोलतायत. तो हसला, चहा प्यायला आणि गेला. रजनी गमतीनं बोलली नव्हती. ती चिडली होती.

माले गावात तिला ओळखणारे म्हणत की ती सकाळी उठते तीच भांडण अर्धवट राहिल्यासारखी. ते खरं होतं. तिचा राग जुना होता आणि त्याला ठावठिकाणा होता. गावाच्या वरच्या अंगाला धरण. धरणाचं पाणी डोंगरापलीकडं खाली कोकणात उतरतं, तिथं त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. रजनी लहानपणी रॉकेलच्या चिमणीपुढं बसून पाढे म्हणायची आणि नाकात काजळी जमायची. शाळेत गुरुजींनी विचारलं होतं, धरणाचा उपयोग काय? सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलं, वीजनिर्मिती. रजनीनं विचारलं, कुणाच्या घरी? गुरुजींनी तिला खाली बसवलं. ती खाली बसली, पण तो प्रश्न काही बसला नाही.

दहावीनंतर ती पौडला जाऊन टायपिंग शिकली. पिरंगुटला तिला दिली, आणि दुसऱ्या वर्षी ती आपली ट्रंक घेऊन माघारी आली. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. गावानं चार-पाच कारणं तयार केली, तिनं एकही खोडलं नाही. पुण्यात एक टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडत होती, तिथून तिनं जुनी मशीनं उचलली, देवळाला लागून असलेली खोली गावाकडून मागून घेतली आणि वर्ग सुरू केला. ते अठ्ठ्याण्णव साल होतं. शिकायला येणाऱ्या पोरींच्या बोटांवर ती फडकं टाकायची. बघून बडवायला हातोडा पुरतो, म्हणायची.

त्या मशीनांचं एक बरं होतं. त्यांना वीज लागत नव्हती. बाहेर सगळा तालुका घामानं निथळत लाइटीची वाट बघत असायचा आणि देवळाशेजारच्या खोलीत खडखडखडखड चालू असायचं.

मग सरकारी नोकरीला कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागायला लागलं. रस्त्याकडच्या गावांतल्या मुली एकेक करून पुण्याच्या वाटेनं क्लासला गेल्या. रजनीकडं उरल्या वरच्या वाड्यांतल्या. डोंगरातून पायी उतरायचं, दुपार कलायच्या आत परत चढायला लागायचं, कारण वाट रानातून आणि सोबत कुणी नाही. म्हणजे शिकायला मिळणार भर दिवसाचा वेळ. आणि लोडशेडिंग नेमकं तेव्हाच. लाइट सकाळी जायची, उन्हं उतरली की यायची, पोरी घरी पोचल्यावर. त्यांच्या वाट्याला हमखास अंधार आणि रजनीच्या रिकाम्या खोलीत झगझगीत बल्ब.

“मुद्दाम करतात,” रजनी म्हणायची.

“कोण गं?”

“कोणबी असू दे. मुद्दाम करतात.”

ह्या पोरींत सावळ्याची सोनी होती. सावळ्या लाकूडफाटा, करवंदं, मिळेल ती मजुरी, असं करणारा. सोनी आश्रमशाळेत दहावी झालेली, बोलायला कमी, बोटांनी मात्र अशी की रजनीला तिच्यावर ओरडायला कारण सापडायचं नाही, आणि त्याचाही तिला राग यायचा. सोनीला तालुक्याच्या कचेरीत डेटा ऑपरेटर व्हायचं होतं. टाइपरायटरवर ती कुणालाही मागं टाकेल. पण परीक्षा कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर तिनं आयुष्यात दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा बंद.

रजनीनं एक जुना कॉम्प्युटर आणून पाहिला. जीपच्या जुन्या बॅटरीवर इन्व्हर्टर बसवला. मशीन सुरू झालं, गरगरलं, सोनीनं माउस हातात धरला, आणि इन्व्हर्टर कुणी शेपटीवर पाय दिल्यासारखा किंचाळून गप्प झाला. तेव्हापासून ते खोकं कोपऱ्यात पडून होतं. रजनी त्याच्यावर ओली छत्री वाळत घालायची.

मग आत्या गेली. गंगूबाई, रजनीच्या वडिलांची थोरली बहीण, मारुंजीला दिलेली. तिचा मुलगा अण्णासाहेब. मारुंजीची जमीन आयटीवाल्यांच्या इमारतींखाली गेली आणि अण्णासाहेब शेतकऱ्याचा बंगलेवाला झाला. माणूस वाईट नव्हता. आजोळावर जीव होता, आणि आईवर तर फारच. वर्षश्राद्धाला त्यानं मालेत गावजेवण घातलं आणि पंगत उठायच्या आत उभा राहून जाहीर केलं, “आईच्या नावानं गावाला कॉम्प्युटर देतो. पोरींसाठी. आखाजीला उद्घाटन.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात खरकटे होते तरी वाजवल्या.

रजनीला त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, “रजे, तुझा वर्ग, तू बघ. तुला कसला पायजे तसला घे. आमच्या मारुंजीत दयानंद हाय, त्याला सांगितलंय.”

तुला पाहिजे तसला. रजनीनं ते शब्द खरे धरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला असं म्हणालं होतं, म्हणून असेल.

*

दयानंद लातूरकडचा. मारुंजीत एका गाळ्यात त्याचं दुकान, निम्म्यात मोबाइलची कव्हरं, निम्म्यात उघडी पडलेली मशीनं. घोटावड्यावरून वडापच्या जीपनं धूळ खात रजनी तिथं पोचली तेव्हाच तिचं डोकं तापलेलं होतं.

“बसा की ताई. कशाला पायजे मशीन?”

“टायपिंगला.”

“आणि पिक्चर, गेम?”

“टायपिंगला म्हटलं ना.”

“मग हे घ्या ड्युअल कोर. पासष्ट वॅट. आख्खी मारुंजी हेच वापरती.”

“मारुंजीत लाइट जाते?”

“जाते की. पण सोसायट्यांना जनरेटर हायेत.”

“मग मारुंजीलाच घाल ते. मला कमी खाणारा पाहिजे. जीपच्या बॅटरीवर सकाळपासून पोरी जाईपर्यंत चालला पाहिजे. तुझ्याकडं सगळे खवय्येच भरलेत का?”

कोपऱ्यात स्टुलावर एक चष्मेवाला इंजिनिअर आपला मोबाइल दुरुस्त व्हायची वाट बघत बसला होता. तो खुदकन हसला. निषाद त्याचं नाव, अमरावतीचा, हिंजवडीत नोकरी आणि अण्णासाहेबाच्याच इमारतीत भाड्यानं राहायला.

“ॲटम दाखव ना भाऊ ताईंना,” तो म्हणाला.

दयानंदनं एक तळहाताएवढं बोर्ड काढलं. प्रोसेसर त्यावरच चिकटवलेला, नखाएवढा. “हा चार वॅटचा,” तो म्हणाला. “पण ताई, लै बारकं काम हाय हे. ताकद न्हाई.”

चार. रजनीनं तो आकडा पकडला तो सोडलाच नाही. पासष्ट कुठं, चार कुठं. तिनं तिथंच ठरवलं. पुढचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. चार वॅट म्हणजे बॅटरी चार दिवस चालेल असा हिशेब तिनं वाटेतच मांडला आणि वडापमध्ये शेजारच्या कोंबडीवाल्या बाईलाही सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी पोरी बसल्या. मशीन चाललं. रजनी दाराशी उभी राहून गावाकडं अशी बघत होती जणू गावाशी पैज होती. आणि पोरींनी भाकरी सोडायच्या सुमाराला इन्व्हर्टर किंचाळला.

तिनं ते मशीन पिशवीत कोंबलं आणि तडक मारुंजी गाठली.

“चार वॅट म्हणाला होतास ना रे?”

“चारच हाय ताई, कंपनीचा कागद दाखवतो.”

“कागदाला आग लाव तुझ्या.”

निषाद त्या वेळीही तिथंच होता. तो रोज ऑफिसातून सुटल्यावर तिथं बसायचा, त्याला मारुंजीत दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं. त्यानं मशीन चालू केलं, झाकण काढलं आणि म्हणाला, “ताई, हात लावून बघा. आधी इथं.”

रजनीनं प्रोसेसरवर बोट ठेवलं. कोमट.

“आता शेजारी. पंखा आहे ना, त्याच्याखाली.”

तिनं बोट ठेवलं आणि झटक्यात काढलं.

“चार वॅट हा खातो. पण हा शेजारचा चिप आहे, चित्र पडद्यावर काढायचं काम, मेमरीचं काम हा करतो. हा बावीस खातो. म्हणून पंखा ह्याच्यावर आहे, त्याच्यावर नाही.”

“म्हणजे नवरदेव उपाशी आणि वऱ्हाड जेवतंय.”

“तसंच समजा ना,” निषाद हसत म्हणाला. “नवीन आलाय एक, ह्याच घरातला. त्यात चित्राचं काम प्रोसेसरनंच आत घेतलंय. तो तेरा वॅटचा आहे.”

रजनीनं त्याच्याकडं असं पाहिलं की दयानंद एक पाऊल मागं सरला.

“चारनं भागलं न्हाई म्हणून मी आले, आणि तू मला तेरा दाखवतोस?”

“पण मग शेजारचा फक्त दोन खातो. तेरा नि दोन पंधरा. हे चार नि बावीस सव्वीस. एका माणसाचं ताट नका बघू ताई, घरात किती शिजतं ते बघा.”

 तिला स्वतःचा राग आला, आणि तो राग बाहेरच्या रागापेक्षा वेगळा असतो, त्याला ओरडायला समोर कुणी नसतं. चार ह्या आकड्यावर ती लहान पोरासारखी भुलली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना ती हेच सुनवत आली होती, नुसतं वरवर बघू नका म्हणून, आणि स्वतः एका आकड्यापुढं आंधळी झाली होती.

पण मग ती बसली. चहा मागवला, तोही आपल्या पैशानं. निषादनं घरून प्लगमध्ये लावायचा मीटर आणला. दोन्ही बोर्डं आळीपाळीनं लावून पाहिली. पडदा जुना डब्याचा नको, पातळ घ्या, तोच डबा सगळ्यांत जास्त खातो, असं निषाद म्हणाला. डिस्क लॅपटॉपची लावली. रजनीनं एकच अट घातली. डोळे मिटून ती पूर्ण वेगानं मराठी टाइप करू लागली आणि म्हणाली, “अक्षर मागं पडतंय का बघ. पोरींची बोटं मशीनसाठी थांबणार न्हाईत.” अक्षरं मागं पडत नव्हती. मीटरवरचा आकडा पडद्यासकट चाळिशीच्या आसपास रेंगाळत होता. पंखा कुठंच नव्हता. मशीन इतकं गप्प होतं की दयानंदनं दोनदा वाकून पाहिलं, चालू आहे ना म्हणून.

“हा,” रजनी म्हणाली. “तेरावाला.”

मिठाईच्या पुड्याएवढ्या डब्यात तो बसला.

तो डबा मालेत आला त्या दिवशी सोनी सकाळी बसली ती लवकर उठलीच नाही. बाकीच्या पोरी पाळीपाळीनं बसल्या, पुन्हा सोनी बसली. मधेच तिनं हात थांबवले आणि कान डब्याला लावला.

“बाई, ह्ये मेलं व्हय?”

“जित्तं हाय. बडव.”

पोरींनी दप्तरं उचलली, डोंगराच्या वाटेला लागायची वेळ झाली, तरी पडदा उजळलेला होता. रजनीनं स्वतः तो बंद केला. त्या दिवशी ती कुणावर ओरडली नाही. पोरी वाटेनं जाताना एकमेकींना विचारत होत्या, बाईंना बरं न्हाई का?

*

आखाजीच्या आधी अण्णासाहेब पांढऱ्या गाडीतून बघायला आला. बरोबर दयानंद. खोलीत शिरून त्यानं चारी भिंती बघितल्या.

“मशीन कुटंय?”

“ह्ये काय.”

“ह्ये?” त्यानं डबा दोन बोटांनी उचलला. “रजे, ह्यो पेढ्यांचा पुडा हाय.”

“दिवसभर चालतो अण्णा, लाइट नसताना. बसा, दाखवते.”

“ते चालू दे गं. नाव कुटं लिवायचं?”

रजनीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं दारातून देवळाकडं पाहिलं. मालेच्या देवळात एकही वस्तू बिननावाची नव्हती. बाकावर नाव, कपाटावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, घंटेच्या कडेनं गोल फिरत गेलेलं नाव. पंख्याच्या पात्यांवर सुद्धा कुणाच्या तरी कैलासवासी वडिलांचं नाव होतं, पंखा बंद असला की वाचता यायचं, म्हणजे तसं दिवसभर यायचं. गावात कुणी मेलं की त्याच्या नावानं काहीतरी द्यायचं आणि दिलेल्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं. देणं म्हणजे तेच. जे लिहिलं नाही ते दिलं कशाला, असं लोक खरोखर विचारायचे.

“कै. गंगूबाई यांच्या स्मरणार्थ,” अण्णासाहेब बोटांनी हवेत मोजत म्हणाला, “खाली माझं नाव, खाली गाव. ह्या पुड्यावर ‘कै.’ बसंल निस्तं.”

“टेबलावर लिहा. भिंतीवर लिहा. दारावर लिहा की.”

“टेबल दिलं का मी? कॉम्प्युटर दिला.”

“आत्याला तुमी वळखत होता का अण्णा?” रजनीचा आवाज चढला. “तुमच्या बंगल्यात फिरून फिरून दिवे मालवायची ती. माणूस नसलेल्या खोलीत उजेड दिसला की तिच्या पोटात दुखायचं. तिच्या नावाला असलंच मशीन शोभतं. कमी खाणारं.”

अण्णासाहेब खुर्चीत बसला. त्यानं डबा मांडीवर घेतला.

“म्हणूनच सांगतो,” तो हळू बोलला. “पावणे बसलेले असायचे हॉलमदी, आन ही यायची आन झुंबर बंद करायची. लोक हसायची रजे. माझ्या आईला हसायची. तोंडावर न्हाई, गाडीत बसल्यावर. मला ऐकू यायचं. आता तिच्या नावानं बारकं काय नको. समदं दणदणीत पायजे.”

 रागाला उत्तर देणं सोपं असतं. हे दुसरंच काही होतं, आणि ते तिच्या वाटेत येऊन बसलं होतं.

दयानंद पुढं झाला. “साहेब, एक करता येतंय. हेच बोर्ड मोठ्या कॅबिनेटमधे बसवतो. भायेरून मोठं, आतून हेच. नाव दोन्ही बाजूला लिवा.”

“चालंल,” अण्णासाहेब म्हणाला.

रजनीनं दयानंदकडं पाहिलं. “आत हेच?”

“हेच ताई. तेरावाला. आईची शपथ.”

तिला ते आवडलं नव्हतं. रिकाम्या पेटाऱ्यात वीतभर बोर्ड, हे नाटक होतं. पण नाटकानं जर पोरींचा दिवस वाचत असेल तर करू दे त्याला नाटक. ती “न्या” म्हणाली. डबा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला गेला आणि गाडी धूळ उडवत गेली.

*

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, देवळापुढं मांडव पडला. पितरांचा दिवस, घरोघरी नैवेद्य, त्यामुळं माणूस न् माणूस गावात. मांडवाला जनरेटर होता आणि तो देवळामागं धूर ओकत धडधडत होता. वरच्या वाडीतून सोनी आणि बाकीच्या पोरी आल्या होत्या, वेण्या चापूनचोपून घातलेल्या. सावळ्याही आला होता, मांडवाच्या कडेला उकिडवा बसला होता. सोनीला सांगून ठेवलं होतं, मशीन ती चालवून दाखवणार.

गाडी आली. दोघा जणांनी कॅबिनेट उचललं आणि मांडवातून आणलं. रजनी पहिल्या रांगेत होती. तिनं त्या दोघांकडं नीट बघितलं. पुढच्या गड्यानं ओठ दाताखाली धरला होता. मागच्यानं मधेच एकदा टेकवलं. तळहाताएवढं बोर्ड उचलायला दोन गड्यांना घाम फुटत नाही.

तिनं दयानंदला मांडवाच्या खांबाशी गाठलं.

“आत काय हाय?”

“ताई, मी लै सांगितलं साहेबांना.”

“आत काय हाय?”

“त्यांनी दुकानात झाकण उघडून बघितलं. म्हणले, रिकामं खोकं देऊ का आईच्या नावानं? लोक उघडून बघतील, म्हणतील आण्णानं पत्रा दिला. मग सगळ्यात मोठा टाकायला लावला. चार कोरचा. वर ग्राफिक्सचं कार्ड. पडदा बी मोठा.” तो तिच्याकडं न बघता बोलत होता. “त्यांचं म्हणणं, जेवढा ताकदवान तेवढा जास्त टिकणार. ट्रॅक्टरसारखं. मी काय करू ताई? गाळा त्यांचाच हाय.”

“आणि माझा?”

“तो भुकूमच्या सोसायटीत गेला. गेटवरच्या कॅमेऱ्याला.”

रजनी जागेवर येऊन बसली. निषाद मागच्या रांगेत होता. त्याला कळलं होतं, त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं तेव्हा तो अण्णासाहेबाकडं बघू लागला आणि मग आपल्या बुटांकडं. त्याचं घर अण्णासाहेबाच्याच इमारतीत होतं.

नारळ फुटला. कॅबिनेटच्या दोन्ही अंगांना सोनेरी रेडियमची अक्षरं होती, कैलासवासी गंगूबाई. पुढून निळा दिवा पेटायचा, आतून पंखे घोंघावायचे. पडदा एवढा रुंद की मागच्या बायांनी सुद्धा अहाहा केलं. अण्णासाहेब माइकवर बोलला. बोलताना त्याचा आवाज दोनदा भरून आला, आणि ते खोटं नव्हतं.

“आईनं आयुष्यभर काटकसर केली,” तो म्हणाला, “म्हणून तिच्या नावाला मी कमी पडू दिलं न्हाई.”

रजनीच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. तिनं ते घेतलं. लोक बघत होते.

मग अण्णासाहेबालाच हुक्की आली. “आन आता खरी गंमत! आमच्या रजीची अट होती, लाइट नसताना चाललं पायजे. ए, जनरेटर बंद कर रे! लाव रं मशीन बॅटरीला. बस पोरी तू.”

धडधड थांबली. एकदम एवढी शांतता झाली की देवळातल्या पारव्यांचा आवाज आला. मशीन इन्व्हर्टरला जोडलं. सोनी खुर्चीवर बसली, ओढणी सारखी केली, बटन दाबलं. निळा दिवा पेटला. पंखे घुमले. पडद्यावर काहीतरी उमटायला लागलं, सोनीनं दोन्ही हात उचलून जागेवर ठेवले, जशी ती रोज ठेवायची, आणि इन्व्हर्टर किंचाळला.

पडदा काळा झाला. सोनीचे हात तसेच.

“परत लाव,” अण्णासाहेब म्हणाला.

परत लावलं. परत किंचाळला. तिसऱ्यांदा निळा दिवासुद्धा पेटला नाही. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णासाहेबाची मान झटक्यात तिकडं वळली. हे हसू तो ओळखत होता. त्यानं माइक तोंडाला लावला.

“बॅटरी बारकी हाय, दुसरं काय न्हाई! मशीनमदी काय खोट न्हाई. मोठी बॅटरी बघू सावकाश. तंवर रजे, संध्याकाळी लाइट असतीच की. संध्याकाळी शिकव. रस्त्याच्या गावांतल्या पोरी येतील, भुकूमच्या येतील, वर्ग भरून वाहील तुझा.”

“आन वाडीवरच्या?” रजनीनं जागेवरून विचारलं. माइक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आलं.

“त्यांचं बघू की नंतर. त्यांला काय लगीच कलेक्टर व्हायचंय का?”

मांडव हसला. ह्या वेळी अण्णासाहेबाला नाही, म्हणून अण्णासाहेबही हसला, सुटका झाल्यासारखा. कडेला बसलेला सावळ्याही हसला. सगळे हसतात तेव्हा हसायचं असतं, तेवढं त्याला ठाऊक होतं. हसत हसत त्यानं लेकीकडं पाहिलं आणि त्याचं हसू तिथंच थिजलं. सोनी अजून खुर्चीवरच होती. उठ असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“चला,” अण्णासाहेब म्हणाला, “आता आमच्या रजनीताई आभार मानतील, मग परसाद.” आणि त्यानं माइक तिच्याकडं सरकवला. सगळा मांडव तिच्याकडं बघत होता. तिनं नुसतं धन्यवाद म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर उद्यापासून खोलीत कॉम्प्युटर होता, संध्याकाळचा वर्ग होता, भरलेल्या खुर्च्या होत्या. किती वर्षं तिनं त्याची वाट पाहिली होती.

रजनी उठली. तिनं नारळ खुर्चीवर ठेवला. माइकजवळ गेली, तो हातात घेतला, आणि लोकांनी टाळ्यांसाठी हात जुळवून धरले. दुसऱ्या हातानं तिनं त्याचं बटन बंद केलं आणि तो अण्णासाहेबाच्या हातात परत दिला. अण्णासाहेब “अगं, बोल की” म्हणाला. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खांद्यावरची शाल काढून तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकली, दोन रांगांमधून सरळ चालत गेली, मांडवाच्या कडेला चपला शोधून पायात सरकवल्या, आणि उन्हात बाहेर पडली.